आधी कुणी हात लावलाय का?

एक्सटर्नल हार्ड डिस्क चालू असते तोवर ती घरात आहे याची कुणालाही आठवण नसते. टीव्हीखालच्या खणात, मुदत संपलेली वॉरंटी कार्डं, जाड पिनचा एक नोकिया चार्जर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीने ती पडून असते. कधीतरी फोनची मेमरी भरते, मग तिला बाहेर काढतात, फोटो तिच्यात ओततात, फोन मोकळा करतात आणि तिला पुन्हा खणात ढकलतात. ओतलेले फोटो परत बघायची आपल्याकडे पद्धत नाही. ते 'आहेत', एवढ्यावर माणसं समाधानी असतात.

एका रविवारी ती उघडेना, आणि तिची किंमत वाढायला लागली.

सकाळी चहाच्या वेळी, बायकोच्या मते, तिच्यात 'असतील थोडे जुने फोटो'. दुपारच्या जेवणापर्यंत त्याचे मुलांच्या शाळेतल्या पहिल्या दिवसाचे फोटो झाले. संध्याकाळी बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि बायकोच्या नाशिकच्या मामींना आठवलं, की मामांच्या पंचाहत्तरीचं सगळं शूटिंग आपण 'तुमच्याकडे नीट राहील' म्हणून आमच्या स्वाधीन केलं होतं. न्यू जर्सीतला चुलतभाऊ तिथल्या सकाळी उठला आणि त्याने लिहिलं, की त्याच्या मुंजीच्या कॅसेटला बुरशी लागली, तिच्यावरून केलेल्या सीडीवर ओरखडे पडले, आणि आता त्या मुंजीचा पृथ्वीतलावरचा एकमेव पुरावा आमच्या खणात आहे. या माणसाने गेल्या कित्येक वर्षांत त्या पुराव्याची साधी चौकशी केलेली नव्हती. त्या रात्री मात्र त्याला झोप लागली नाही म्हणे.

आणि जेवताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमटी वाढून घेता घेता सांगितलं, "कुळवृत्तांत तिच्यातच आहे."

यावर कुणी काही बोललं नाही. आमच्या शाखेचा कुळवृत्तांत आप्पांनी नव्वदच्या दशकात गोळा केला होता, गावोगावच्या भाऊबंदांना जोडकार्डं पाठवून. अर्ध्यांनी उत्तर दिलं नाही. उरलेल्यांनी दिलं, पण त्यात जन्मतारखांपेक्षा सामाईक विहिरीचा हिस्सा या विषयावर अधिक मजकूर होता. तरीही आप्पांनी वंशवेल जुळवली, डोंबिवलीत एका छापखान्यात बसून टाइप करून घेतली, आणि छपाईच्या तोंडावर मूळ पुरुष कोकणातून आला की देशावरून, यावर दोन शाखांचं बिनसलं. पुस्तक निघालं नाही. फाइल तेवढी राहिली. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून या डिस्कवर, असा तिचा प्रवास झाला. पूर्वजांनीही एवढी स्थलांतरं केली नसावीत.

आता, ज्यांचा हाच धंदा आहे ती माणसं अशा वेळी पहिला सल्ला एकच देतात: काही करू नका. डिस्क काढा, बाजूला ठेवा, पुन्हापुन्हा लावून बघू नका. हा उपाय फुकट आहे, सोपा आहे आणि आपल्याकडे अशक्य आहे. मराठी घरात अडचणीच्या वेळी काही न करणाऱ्या माणसाबद्दल बरं बोललं जात नाही. "अरे, नुसता बसलायस काय? निदान वायर तरी हलवून बघ!"

वायरचा सल्ला, खरं सांगायचं तर, शहाणपणाचा आहे. या छोट्या डिस्कांना वेगळा प्लग नसतो. त्या विजेसाठीही संगणकाच्या यूएसबीवरच अवलंबून असतात. जुनं यूएसबी 2.0 नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर देतं, 3.0 हे 900 देतं. केबल ढिली असली किंवा पोर्ट अशक्त असला की डिस्कची चाकं फिरायला लागेपर्यंतच दम संपतो. केबल बदलून किंवा डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या पोर्टला लावून कितीतरी 'मेलेल्या' डिस्क उठून बसल्या आहेत. इथवर लोकांनी थांबावं, असं माझं मत आहे. पण केबल बदलूनही काही झालं नाही आणि घरात माणसं जमायला लागली.

पहिले आले ते शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटी करून लेबल वाचलं आणि विचारलं, "एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी ना? मग तुमच्या विंडोजमध्ये किती दिसायचे?" पुतण्या म्हणाला, "931." ते म्हणाले, "उरलेले 69 कुठायत?" पुतण्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने समजावून सांगितलं, की डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, त्यामुळे आकडा लहान दिसतो, प्रत्यक्षात काही कमी नसतं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या काळात असं समजावणाऱ्याला सस्पेंड करायचे." पुढे ही डिस्क कुठेही गेली, तरी त्यांचा पहिला प्रश्न 69 जीबीचाच राहिला.

पुतण्याने डिस्क लॅपटॉपला लावली. विंडोजने नेहमीचा निरोप दिला: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणं आवश्यक आहे. करायची का? खाली दोन बटणं. पहिलं, फॉरमॅट करा. दुसरं, रद्द करा. तिसरं, 'थांबा, आत मुंज आहे,' हे बटण त्यांनी दिलेलं नाही. पुतण्याचं बोट क्लिक करायला वाकलं आणि बायकोने त्याचं मनगट हवेतच पकडलं. पोळी लाटणाऱ्या हाताची पकड काय असते ते त्या मुलाला त्या दिवशी कळलं.

"काकू, क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फक्त यादी जाते," तो म्हणाला. तो बरोबर बोलत होता, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणात पुढे जो काही अनर्थ झाला त्याचं मूळ या एका वाक्यात आहे. विंडोजच्या बहुतेक मोठ्या डिस्कवर एनटीएफएस नावाची व्यवस्था असते. तिच्यात मास्टर फाइल टेबल नावाची एक यादी असते: कुठली फाइल, नाव काय, आकार किती, डिस्कवर कुठे आणि किती तुकड्यांत ठेवली आहे. ही यादी बिघडली की विंडोजला डिस्कवर काहीच दिसत नाही आणि ते तिला 'रॉ' म्हणून मोकळं होतं. फोटो जागच्या जागी असतात, त्यांचा पत्ता सांगणारं कुणी उरलेलं नसतं. तुम्ही एखादी फाइल डिलीट करता तेव्हाही तेच होतं. यादीतली नोंद 'मोकळी' म्हणून मारली जाते, फाइल तिथेच पडून राहते, दुसरी कुठली तरी फाइल येऊन तिच्या जागेवर बसेपर्यंत. क्विक फॉरमॅट नवी कोरी यादी लिहितं. फुल फॉरमॅट मात्र, विंडोज व्हिस्टापासून पुढे, अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं आणि मग काहीही परत येत नाही. एसएसडी असेल तर डिलीट केल्यावर ट्रिम नावाची आज्ञा ती जागा खरोखरच रिकामी करू शकते. आमची डिस्क जुन्या, फिरत्या चकतीची होती. तिने काहीच विसरलं नव्हतं. हे तेव्हा आम्हाला भाग्य वाटलं.

गंमत म्हणजे एनटीएफएस या यादीच्या पहिल्या चार नोंदींची एक प्रत, आणि शिवाय बूट सेक्टरची एक प्रत, त्याच डिस्कवर दुसरीकडे ठेवून देतं. ती व्यवस्था बनवणाऱ्यांचाही डिस्कवर पूर्ण भरवसा नव्हता. आमचा होता.

सोमवारी ऑफिसातल्या एका जाणकाराने फोनवर चेकडिस्क चालवायला सांगितलं. "एक कमांड, झालं काम." चेकडिस्क हा प्रोग्रॅम वाईट नाही. पण त्याचं कर्तव्य डिस्क नीटनेटकी करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं हे नाही. जे तुकडे त्याला ओळखता येत नाहीत ते 'फाउंड.000' नावाच्या फोल्डरमध्ये गोळा करून तो हात झटकतो, आणि हे सगळं तो मूळ डिस्कवरच लिहून ठेवतो. डिस्क आतून दुखावलेली असेल, तर एवढी धावपळ तिला झेपतही नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने लाटणं खाली ठेवलेलं नव्हतं.

मग कोणीतरी फुकटचं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवलं. त्याने डिस्क तपासली, हजारो फाइलींची यादी दाखवली, मुंजीच्या एका फोटोची टिकलीएवढी छबी दाखवली आणि 'सेव्ह'वर क्लिक केल्यावर पैसे मागितले. ग्रुपवर हे कळताच न्यू जर्सीहून लगेच विचारणा झाली, की छबीत तो रडतोय का. तो रडत होता. सॉफ्टवेअरने तेवढं फुकट दाखवलं.

मंगळवारी बायकोने सोलकढीसाठी खवलेलं खोबरं काढायला फ्रीझर उघडला, तर मटारच्या पिशवीखाली, झिपलॉकमध्ये, डिस्क. हे काम माझ्या मेव्हण्याचं. इंटरनेटवर हा उपाय फार जुना आहे: बंद पडलेली डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पूर्वीच्या काही डिस्कांमध्ये अडकून बसलेला भाग थंडीने आकसून सुटायचा, त्यातून ही कथा जन्माला आली. प्रत्यक्षात फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर बाष्प धरतं, आतही धरू शकतं, आणि पाणी धरलेली चकती फिरवणं म्हणजे उरलेली आशाही खरवडून काढणं. मेव्हण्याचं म्हणणं एवढंच, की त्याने ती 'फक्त अर्धा तास' ठेवली होती आणि नंतर विसरला.

यातलं गांभीर्य कळायला डिस्कच्या आत काय असतं ते बघावं. आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला 5400 वेळा फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं हेड, चकतीला न टेकता, काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातं. माणसाचा केस पाऊण लाख ते लाखभर नॅनोमीटर जाड असतो. त्या फटीत धुळीचा कण शिरू शकत नाही, तो आदळतोच. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तिचं नाव रॅमॅक. दोन-दोन फूट व्यासाच्या 50 चकत्या, वजन टनाच्या आसपास, आणि सगळ्याची मिळून क्षमता 50 लाख अक्षरं. आजच्या फोनमधला एखादा फोटोसुद्धा त्यात कसाबसा मावेल. पण तिला कुणी मटारखाली ठेवू शकत नव्हतं, हा तिचा मोठा गुण.

शेवटी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तसं विचारणारा माणूस अजून मला भेटायचा आहे. एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर डेटा रिकव्हरीचं दुकान होतं. बाहेरच्या बाकावर आमच्याआधी बसलेली मंडळी पाहून जरा धीर आला. एक चार्टर्ड अकाउंटंट, ज्याच्या चेहऱ्यावरून कुणाचे तरी हिशेब आत अडकले आहेत हे कळत होतं. एक पीएचडीवाली मुलगी, जिने थीसिसच्या फाइलला 'फायनल' हे नाव इतक्या वेळा दिलं होतं, की नेमकी कुठली परत हवी हे तिला सांगता येईना. आणि एक वेडिंग फोटोग्राफर, ज्याचा फोन सतत वाजत होता. तो उचलत नव्हता. "मुलाकडचे आहेत," एवढंच म्हणाला.

फोटोग्राफरची डिस्क टेबलावरून पडली होती आणि टकटक आवाज करत होती. हेड खुणा शोधायला जातं, खुणा वाचता येत नाहीत, म्हणून परत मूळ जागी येऊन आपटतं, पुन्हा जातं. ती ती टकटक. अशा डिस्कला नवं हेड बसवावं लागतं, धूळमुक्त खोलीत, आणि ते हेड बाजारात सुटं मिळत नाही. तशीच दुसरी चालू डिस्क शोधून तिच्यातलं काढायचं. तिला डोनर म्हणतात. मॉडेल तेच हवं, फर्मवेअर जुळायला हवं, बनल्याचा महिना जवळपासचा हवा, कारखान्याचा देशही तोच असला तर उत्तम. लग्नाला पत्रिका एवढी बारकाईने कुणी पाहत नाही, आणि इथे तर जुळल्यावर एकीला मरायचंच असतं. फोटोग्राफरने हे सगळं ऐकलं आणि फोन उचलला. "हो काका, एडिटिंगलाच बसलोय," तो म्हणाला.

आमची पाळी आली. काउंटरमागच्या तरुणाने डिस्क कानाशी धरली, प्लग लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि वर न बघता विचारलं, "आधी कुणी हात लावलाय का?"

मी म्हणालो, वायर बदलली होती. पुतण्या म्हणाला, फॉरमॅट होता होता वाचली. मेव्हणा दुकानातलं कॅलेंडर बघायला लागला. तरुणाने डिस्कचं प्लास्टिकचं कव्हर निरखलं आणि एका कोपऱ्यावरचा चरा दाखवला. "हे कुणी उचकटलंय?" मेव्हणाही चकित झाला. मग शेजारच्यांनी घसा साफ केला. ते आमच्याबरोबर आले होते, 69 जीबीसाठी. त्यांनी रविवारी संध्याकाळी, आम्ही चहा करत असताना, बाहेरचं कव्हर उघडून आत फुंकर मारली होती. "धूळ असेल असं वाटलं." नशिबाने कव्हरच्या आतली खरी डिस्क बंदिस्त होती आणि तिच्या चांदणीच्या आकाराच्या बारीक स्क्रूंना लागेल असा स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे नव्हता. आमचा कुळवृत्तांत एका स्क्रूड्रायव्हरने वाचला.

"लॉजिकल आहे," तरुण म्हणाला. "थोडे बॅड सेक्टर आहेत. आधी इमेज घेतो, मग बघू." म्हणजे डिस्कवर काहीही दुरुस्ती न करता तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्यायची. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते उचलायचं, अडणारे भाग सोडून पुढे जायचं, आणि शेवटी त्या अडलेल्या भागांशी हळूहळू खेटायचं. मग पुढचं सगळं काम नकलेवर. मूळ डिस्कला पुन्हा हात नाही. "महत्त्वाचं काय आहे?" त्याने विचारलं. बायको म्हणाली, "सगळं." तो हसला नाही. हे उत्तर त्याला रोज मिळत असावं.

वाट बघण्याच्या दिवसांत ग्रुपवर धीर देणाऱ्यांची लाट आली. पुतण्याने कोलंबिया यानाची गोष्ट पाठवली. 1 फेब्रुवारी 2003 ला ते यान पृथ्वीवर परतताना हवेत फुटलं, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची माहिती साठवलेली हार्ड डिस्क टेक्सासमध्ये एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली, सहा महिन्यांनी, काळवंडलेली, वितळलेली. रिकव्हरीवाल्यांनी तिच्यातली 99 टक्के माहिती बाहेर काढली आणि 2008 मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आप्पांनी हे लक्ष देऊन वाचलं. "सहा महिने तळ्यात होती?" ते म्हणाले. "म्हणजे तिला कुणी मदत केली नाही."

बायकोने वेगळी गोष्ट निवडली. 1998 मध्ये पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी 2'चं काम चालू असताना कुणाच्या तरी एका आज्ञेने सिनेमाच्या फाइली भराभर पुसल्या जायला लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली. तो संगणक गाडीच्या मागच्या सीटवर पांघरुणं गुंडाळून ऑफिसात आणला गेला. बायकोने मला हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि 'घरून काम करायच्या' या शब्दांपाशी अंमळ थांबली. मेव्हण्याला मात्र वेल्समधल्या न्यूपोर्टचा माणूस जास्त भावला, ज्याची हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली डिस्क 2013 साली कचऱ्यात गेली, आणि जो वर्षानुवर्षं तिथल्या नगरपालिकेकडे कचरा डेपो खणायची परवानगी मागत राहिला. 2025 मध्ये न्यायालयानेही त्याला नाही म्हटलं. "माणूस चिकाटीचा," मेव्हणा म्हणाला. फ्रीझरचा विषय निघू नये म्हणून तो सध्या बरंच बोलत होता.

डेटा मिळाला. पैसे भरताना तरुणाने मागणी नसताना उपदेश केला. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 चा नियम: कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर, लांब. जगात बॅकअप दिन म्हणून एक दिवसही पाळतात, 31 मार्च. शेजारच्यांना हे ऐकून खरोखर दुःख झालं. "31 मार्चला?" ते म्हणाले. "त्या दिवशी आम्ही जेवायलासुद्धा घरी जात नव्हतो." ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांनी भारतातल्या एकाही बँकेत नोकरी केली नव्हती, एवढं नक्की.

यादी फारच बिघडल्यामुळे बऱ्याच फाइली 'कार्व्हिंग'ने काढाव्या लागल्या होत्या. म्हणजे यादीचा नाद सोडून डिस्क सलग वाचत जायची आणि प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवातीची खूण दिसली, की तिथून फाइल सुरू झाली असं धरायचं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाचा फोटोरेक हा फुकट प्रोग्रॅम याच रीतीने चालतो. फाइल मिळते, पण तिचं नाव, तिचं फोल्डर, सगळं गेलेलं असतं. मुंज, पंचाहत्तरी, शाळेचा पहिला दिवस, विजेची बिलं, आणि आमच्या मामींनी आजवर पाठवलेली गुलाबाची सर्व सुप्रभातं, सगळ्यांना एफ आणि पुढे लांबलचक आकडा असं एकच नाव. सुप्रभातं एकूण एक सुखरूप होती. त्यांच्यात बॅड सेक्टर नव्हता.

कुळवृत्तांत शोधायचा होता. "फाइलमधला एखादा शब्द सांगा, सर्च मारतो," पुतण्या म्हणाला. आप्पा म्हणाले, "गोत्र." एकही फाइल मिळाली नाही. मूळ पुरुषाचं नाव टाकलं. नाही. गावाचं नाव टाकलं. नाही. आप्पा खुर्चीत मागे टेकले. मग बायकोने विचारलं, "टाइप कशात केलं होतं?" श्री-लिपीत. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या त्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं ही आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असायची, वरून मराठी आकार चढवलेला. फॉन्ट नसेल तर उघडा पडतो तो नुसता कंस, पौंड आणि उद्गारचिन्हांचा ढीग. पुतण्या 'गोत्र' शोधत होता, आणि तिथे ते वेगळ्याच वेषात बसलेलं होतं.

त्या छापखान्यातले जुने डीटीपीवाले अजून डोंबिवलीतच आहेत, आता लग्नपत्रिका करतात. त्यांच्यासमोर अशा ढिगांच्या फाइली एकेक करून उघडल्या. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि एका पानावर बोट ठेवलं. "हे काय, हे गोत्रच आहे की." फॉन्ट न लावता, नुसत्या कंसांवरून. मग पुढच्या ओळीकडे बघून म्हणाले, "आणि हा तुमचा विहिरीचा वाद." आप्पांनी तो भाग मुख्य मजकुरात घेतला होता, हे घरात पहिल्यांदाच सर्वांना कळलं.

पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. नवी डिस्क टीव्हीला लावली आणि फोटो आपोआप एकामागून एक सरकायला लागले, कुठलाही क्रम नसलेले. मुंज, मुन्नार, विजेचं बिल, गुलाब, मुंज. मग आत्या ताठ बसल्या. डोळे मिटलेले, तोंडात घास असलेले, पदर सरकलेले त्यांचे जे जे फोटो त्यांनी त्या काळी स्वतः बसून, निवडून डिलीट केले होते, ते सगळे येत होते. हरवलेलं आणि टाकलेलं यांत डिस्क फरक करत नाही. यादीतून काढलेली फाइल जागेवरच असते, हे पुतण्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा आमचं लक्ष मनगटाकडे होतं.

आत्यांनंतर मेव्हण्याचा साखरपुडा आला. आधीचा. जो मोडला, आणि ज्याचे फोटो बायकोने भावावरच्या मायेने त्याच आठवड्यात पुसून टाकले होते. मेव्हण्याची बायको समोरच्या सोफ्यावर होती. साखरपुडा मोडला होता हे तिला ठाऊक होतं. साखरपुड्याला त्याने मोतिया रंगाची जरीची शेरवानी आणि फेटा घातला होता, हे ठाऊक नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनला तो 'मला असलं नटणं जमत नाही' म्हणून शर्ट-पँटवर उभा राहिला होता. ती काहीच बोलली नाही. तिने फक्त रिमोट घेतला आणि त्या फोटोवर पॉझ केलं.

रात्री मेव्हण्याने लॅमिंग्टन रोडच्या तरुणाला फोन लावला. मी शेजारी होतो. पुसलेलं पुन्हा कधीच येणार नाही, असं पुसून मिळतं का, त्याने विचारलं.

"मिळतं ना. रिकव्हरीपेक्षा स्वस्त आहे," तो म्हणाला. "पण आधी सांगा, त्या फाइलच्या कॉपी कुठे कुठे आहेत?"

मेव्हण्याने विचार केला. एक ताईच्या नव्या डिस्कवर. एक मामींच्या फोनमध्ये, कारण त्या फोटोत मामींची पैठणी फार सुरेख दिसत होती म्हणून त्यांनी तो मागून घेतला होता आणि संध्याकाळीच ग्रुपवर टाकला होता. आणि न्यू जर्सीच्या भावाने तो तिथे उतरवून घेऊन खाली अंगठा दिला होता.

"तीन कॉपी, डिस्क आणि फोन, आणि एक परदेशात," तो तरुण म्हणाला. "साहेब, तुमच्या घरात हा एकच बॅकअप नियमाप्रमाणे झालाय."